कोशाचा नेम

नेम सांगणारा म्हातारा नागपूरजवळच्या बेसा गावातल्या शेतात एकच रात्र राहिला आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच पवनीच्या रानाकडे परत गेला. मागे उरले ते साठ कोष आणि त्याने सांगितलेली सात-आठ वाक्ये. ईश्वरदासाने ती वाक्ये पाठ केली. एक वेळ जेवायचे. अंगाला तेल लावायचे नाही. दाढी करायची नाही. जमिनीवर निजायचे. बाळंतिणीच्या किंवा मयताच्या घराची सावली घ्यायची नाही. अंड्यांतून अळ्या निघून झाडावर चढेपर्यंत हा नेम मोडायचा नाही. मोडला तर कोष काळा पडतो.

म्हाताऱ्याला सगळे बापूजी म्हणत. तो जातीने ढिवर. त्याच्या घराण्यात पिढ्यानपिढ्या ऐनाच्या झाडांवर कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, अळ्या पोसत आले होते. ईश्वरदासाचे घराणे कोष्ट्यांचे, नागपुरात पाचपावलीला. ढिवरांनी कोष आणावेत आणि कोष्ट्यांनी त्यांचे कापड विणावे, असा हा जुना शेजार. दोन्ही घराण्यांचे पोट एकाच किड्यावर. पण कोष्ट्यांनी तो किडा कधी जिवंत पाहिला नव्हता. त्यांच्या घरी कोष यायचा तो राखेच्या पाण्यात शिजायलाच. आतून पाखरू बाहेर पडले की कोशाला भोक पडते, अखंड धागा तुटतो. म्हणून कोष्ट्याच्या घरात पाखरू म्हणजे वाया गेलेला कोष.

अलीकडे मात्र कोषच मिळेनासे झाले होते. स्वराज्य येऊन आठ वर्षे झाली होती, रानात ठेकेदारांच्या कुऱ्हाडी चालत होत्या, आणि ऐनाची झाडे पडली की त्यांच्यावरचे किडेही जात. पाचपावलीतले कितीतरी माग बंद पडले होते. कोणी गिरणीत गेले, कोणी हमालीला लागले. ईश्वरदासाचे वडील मारोतराव हट्टी माणूस. बेशाला त्यांच्या चुलतभावाचे शेत होते आणि त्या शेताच्या बांधावर ऐन आणि अर्जुनाची तीस-चाळीस झाडे होती. आपले कोष आपणच पिकवू, असे त्यांनी ठरवले. बापूजींकडून बियाण्याचे साठ कोष आणले, आणि राखणीला बसायचे ठरले ते ईश्वरदासाने; कारण त्याचा हात हलका आणि बोलणे कमी.

त्याच श्रावणात त्याची बायको कुसुमावती पहिल्या बाळंतपणासाठी उमरेडला माहेरी जायची होती.

जाण्याच्या आदल्या दिवशी तिने आपले एक जुने, मऊ झालेले लुगडे फाडले आणि त्याचा तुकडा वेताच्या टोपलीत अंथरला. पाखरे निघाली की माद्यांना त्या टोपलीत बसवायचे होते. नहाल्यावर ओले केस ती त्याच लुगड्याच्या पदरात गुंडाळून बसत असे. माक्याच्या तेलाचा वास त्यात मुरला होता. टोपली त्याच्या हातात देताना ती हसली.

"इतक्या जीवाइले आपन शिजवलं," ती म्हणाली. "माह्या मांडीवर किती धागे वळले, त्याचा हिशेब नाही. एकाले तं उडताना पाहू द्या मले."

तिला तेव्हा बेशाला नेणे शक्य नव्हते. तो म्हणाला, मी पाहीन आणि तुला सांगेन.

"मंग सांगाले तुमीच या. चिठ्ठी नका पाठवू. पाखरू कसं निघते, ते कागदावर काय समजन?"

तो हो म्हणाला. त्याच्या अबोल स्वभावाला 'हो' हा शब्द फार मोठा होता, हे तिला ठाऊक होते.

भाद्रपद लागला. कोष एकात एक गुंफून त्यांच्या माळा बांधाजवळच्या झोपडीत टांगल्या होत्या. ईश्वरदास त्यांच्याखाली निजे. दिवसा तो बांधावरच्या झाडांखालचे गवत काढी, मुंग्यांच्या वाटा मोडी. बापूजींनी जाताना एक गोष्ट सांगितली होती, ती नेमात मोडत नव्हती तरी त्याला नेमाइतकीच लक्षात राहिली होती. शंभर अळ्या झाडावर चढल्या तर वीसच कोष करतात, ते म्हणाले होते. बाकीच्या कावळ्यांच्या, गांधीलमाश्यांच्या, मुंग्यांच्या. हाकलाव्या जरूर, पण सगळ्यांना हाकलू नये. अळी झाडाचे पान खाते आणि झाडाखाली खत टाकते. पाखरू पक्ष्याच्या पिलाच्या पोटात जाते. ते एकट्या कोष्ट्यासाठी जन्माला येत नाही.

पहिले पाखरू एका संध्याकाळी निघाले. कोशाचे टोक आधी ओले झाले, जणू आतून कोणी श्वास सोडीत होते. मग त्यातून एक चिंब, चुरगळलेला जीव बाहेर आला आणि माळेला लोंबकळून राहिला. त्याचे पंख धुऊन पिळलेल्या चिंध्यांसारखे होते. ईश्वरदासाला वाटले, हे काही जगत नाही. पण घटकाभरात ते पंख आपोआप उलगडत गेले, जसे मागावर ताण बसताना कापड सरळ होत जाते, आणि विटकरी रंगाचे वीतभर पाखरू त्याच्यासमोर थरथरू लागले. चारी पंखांवर एकेक डोळा होता, आणि त्या डोळ्यांच्या मधोमध काचेसारखा पारदर्शक ठिपका. त्यातून पलीकडच्या कंदिलाची वात दिसत होती. हे तिला कसे सांगायचे, याची तो त्याच क्षणी मनात जुळवाजुळव करू लागला.

ते नर होते. पुढच्या दोन संध्याकाळी निघाले तेही बहुतेक नरच, आणि त्याला अडवायचे ठाऊक नसल्याने ते सगळे उडून गेले. तिसऱ्या दिवशी माद्या निघाल्या. पिवळसर, जडशा, पोटात अंड्यांचा भार घेऊन. त्यांनी उडण्याची घाई केली नाही. अकरा माद्या त्याने टोपलीतल्या फडक्यावर बसवल्या आणि टोपली ऐनाच्या फांदीला टांगली. बापूजींनी सांगितले होते की मादी जागची हलत नाही; ती नुसती बसते आणि तिच्या अंगाचा वास वाऱ्यावर जातो. माणसाला तो येत नाही. नराला कोस-दोन कोसांवरून येतो. पाखराला तोंडच नसते. ते खात नाही, पाणी पीत नाही. अळीपणी जे खाल्ले त्यावरच त्याचे आठ दिवस चालतात, आणि त्या आठ दिवसांत त्याला एवढे एकच काम असते. मादीजवळ तर तीन रात्रीच असतात. तोवर नर आला नाही, तर ती फोल अंडी घालून मरते.

पहिल्या रात्री एकही नर आला नाही. पहाटे ईश्वरदास टोपलीखाली उभा राहिला तेव्हा अकराही माद्या जशाच्या तशा बसलेल्या होत्या, पोटाची टोके किंचित उचलून. ऐनाच्या बुंध्याशी दोन विटकरी पंख पडले होते. उडून गेलेल्यांपैकी कुणाला तरी वटवाघळाने गाठले असावे. पंखांवरचे डोळे तेवढे उरले होते.

त्याच दुपारी मारोतराव पाचपावलीहून चालत आले. त्यांच्या हातात कुसुमावतीचा भाऊ ताराचंद याचे कार्ड होते. ते बांधाच्या अलीकडेच थांबले आणि तिथूनच त्यांनी वाचून दाखवले. मुलगी झाली. मुलगी चांगली आहे. कुसुमला तिसऱ्या दिवसापासून ताप आहे, उतरत नाही. ती दाजींची वाट पाहते. कार्डावर तीन दिवसांपूर्वीची तारीख होती.

मग ईश्वरदास म्हणाला की मी जातो.

"जा," मारोतराव म्हणाले. "मी काहून अडवीन? पन तिकडं सोयर हाय. तू तिच्या खोलीत जाशीन, अन् मंग इथं पाय ठेवता येत नाही तुले. पाखराइले कोन पाह्यल?"

ईश्वरदासाने वडिलांकडे पाहिले. मारोतरावांच्या हाताला कंप होता. दोन वर्षांपासून त्यांना तुटलेला धागाही सांधता येत नव्हता. ते पाखरू धरू गेले असते तर पंख मोडले असते.

"दोन रात्री रायल्या," मारोतराव हळूच म्हणाले. "बाळंतिणीले ताप येतेच गा. तुह्या मायलेबी आला होता."

ते गेल्यावर ईश्वरदासाने वहाणा घातल्या. टोपलीकडे पाठ करून तो बांध ओलांडून गाडीवाटेपर्यंत गेला. इतवारीहून उमरेडमार्गे नागभीडकडे जाणारी छोटी गाडी सकाळी सुटते. रात्री शहरात पोचले तर ती मिळेल, असा त्याने विचार केला. आणि मग त्याने असाही विचार केला की नेम मोडून गेलो, बियाणे काळे पडले, तर तिला सांगायला माझ्याजवळ काय असेल? त्याऐवजी अजून दोन दिवसांनी गेलो, तर मी तिला सगळे सांगू शकेन. पंख कसे उलगडले, आणि नर कुठून आला. तिने हेच मागितले होते. संध्याकाळच्या उन्हात तो गाडीवाटेवर उभा होता, आणि कोणी त्याला अडवले नव्हते. तो आपल्या पायांनी परत फिरला. ही गोष्ट पुढे त्याने वडिलांवर कधी ढकलली नाही.

त्या पहाटे नर आले.

आधी तो वारा वाटला. मग कंदिलाच्या उजेडाच्या कडेवरून एक मोठी सावली वाकडीतिकडी गेली, पुन्हा आली, आणि टोपलीवर आदळली. मागोमाग दुसरी. नर सरळ उडत नव्हते. हवेतली एखादी बारीक दोरी चाचपडत यावी तसे डावी-उजवीकडे झोके घेत ते येत होते, आणि पिसांसारख्या मिशा पुढे पसरलेल्या. कुठल्या रानातून आले, कुणास ठाऊक. तांबडे फुटेपर्यंत नऊ जोड्या लागल्या. ईश्वरदास ओल्या गवतात बसून राहिला. त्याच्या ओठांवर हसू होते, आणि जे काही तो पाहत होता ते सगळे तो शब्दांत बसवीत होता; त्या शब्दांत 'कुसुम' हे नाव वारंवार येत होते.

जोड्या दिवसभर सुटत नाहीत. त्या संध्याकाळी सुटल्या, तेव्हा नऊ माद्या त्याने अंडी घालायला मडक्यांत ठेवल्या. उरलेल्या दोघींना नर मिळाला नव्हता. त्या फडक्यावरच बसून राहिल्या. पुढच्या दिवशी मडक्यांच्या भिंतींवर तपकिरी, चपट्या अंड्यांचे थर बसले. अळ्या निघायला आठ-नऊ दिवस होते. तेवढे थांबणे आता त्याच्याने होईना. वडील सांजेला आले तेव्हा मडक्यांची तोंडे फडक्याने बांधून त्याने ती त्यांना दाखवली. यांना आता फक्त सावली हवी, हात लावायचा नाही, असे सांगितले. अळ्या निघायच्या आत बापूजी येणारच होते. या वेळी मारोतरावांनीच वहाणा पुढे सरकवल्या.

उमरेडच्या स्टेशनावर कोणी घ्यायला नव्हते. कोष्टीपुऱ्यात शिरताना त्याला मागांचा आवाज ऐकू आला, आणि सासरवाडीच्या गल्लीत तो आवाज थांबलेला होता. दारात ताराचंद बसला होता. त्याचे डोके भादरलेले होते.

आदल्या संध्याकाळी तिला नेले होते.

सासू जनाबाई ओटीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या रडत नव्हत्या. रडून झाले होते. त्यांनी जावयाला बसायला सांगितले, पाणी दिले, आणि विचारल्याशिवायच सांगू लागल्या. शेवटचे दोन दिवस ताप डोक्यात गेला होता. वैद्याने डोळे उघडून पाहिले, नागपुरात धंतोलीच्या डाक्टराकडे न्या म्हणाला. पण हलवण्यासारखी अवस्था नव्हती. पाखरे आली का, एवढेच ती विचारी. तिला माणूस ओळखू येईना.

"म्हने, मले नाकानं समजते," जनाबाई म्हणाल्या. "त्याइच्या हाताले शिजल्या कोशाचा वास येते, म्हने. ते दारात आले का मले समजन. मंग मी काय केलं, तुमी लग्नात विनलेलं कोशाचं पातळ पेटीतून काढलं अन् तिच्या उशाशी ठेवलं. तिनं त्यात तोंड घातलं. म्हने, आले वाटते. अन् मंग नाही बोलली."

त्याच पातळात तिला नेले होते.

जनाबाईंनी मुलगी आणून त्याच्या मांडीवर ठेवली. अकरा दिवसांची, लालसर, मुठी आवळलेली. त्याने बोट तिच्या गालाजवळ नेले तशी तिने मान वळवली, तोंड उघडले आणि चाचपडत ते बोट शोधू लागली. तोंडाला लागले ते दूध नव्हते, असे कळताच ती रडू लागली. कुसुमावतीच्या बहिणीने तिला उचलून नेले. ईश्वरदासाची मांडी बराच वेळ तशीच, कुणाला तरी धरून ठेवल्यासारखी, राहिली. पाखरे कशी निघतात ते सांगायला तो आला होता. त्याने ते कुणालाच सांगितले नाही.

तिसऱ्या दिवशी राख सावडून, मुलीला जनाबाईंपाशी ठेवून तो परतला. पाचपावलीच्या घरी सुतक होते, तेव्हा तिथे गेला काय आणि न गेला काय. तो सरळ बेशाला आला. बांधाच्या अलीकडे, जिथे वडील कार्ड वाचायला थांबले होते तिथेच, तो थांबला. झोपडीपाशी मारोतराव होते आणि बापूजीही आले होते. मडकी त्यांच्यापुढे मांडलेली होती.

"सुतक हाय," ईश्वरदास तिथूनच बापूजींना म्हणाला. "मी येत नाही. तुमी बाबाइलेबी हात लावू देऊ नका. सुतक त्याइलेबी आलं."

मारोतरावांनी मान खाली घातली. ती गोष्ट त्यांच्याही ध्यानात आली असावी: ज्या विटाळापासून बियाणे जपले, तो विटाळ आता घरभर होता.

बापूजी उठले आणि चालत बांधापर्यंत आले. उमरेडचा निरोप आधीच आला होता आणि काय झाले ते त्यांनी मारोतरावांकडून ऐकले होते. त्यांनी ईश्वरदासाच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताने त्यांनी मघाशी अंडी चाळली होती, आणि पुन्हा तोच हात ते अंड्यांना लावणार होते. हे ईश्वरदासाच्या लक्षात आले आणि तो मागे सरकला.

"तू गेला काहून नाही, पोरा?" बापूजींनी विचारले.

नेम होता, तो म्हणाला.

"नेमाले सोडवनूक असते बाप्पा. माह्या पोराले देवी आल्या, तवा मी बियानं शेजाऱ्याच्या हाती देल्लं. आंघोळ केली, झाडापुढं नारळ फोडला, अन् घरी गेलो. सारेच असं करतात. नेम कायचा? राखोळीचा हात साफ रायला पायजे, त्याचं ध्यान इकडंतिकडं जाऊ नये, एवढाच." मग त्यांचा आवाज अगदी खाली गेला. "तुमच्यात कोनी जानत नव्हतं, हे मले कुठं ठाऊक? मी सोडवनूक सांगतलीच नाही. इचारलं नाही कोनी."

ढिवरांच्या घरी हे मूल रांगायला लागल्यापासून जाणते. कोष्ट्यांनी नेम दुसऱ्याचा घेतला, आणि उसन्या वस्तूला जपावे तसा जिवापलीकडे जपला.

ईश्वरदासाला राग आला नाही. कुणाचा यावा, तेच त्याला कळेना. त्याने एवढेच विचारले की टोपली कुठे आहे.

टोपली ऐनाच्या फांदीला तशीच होती. नर न मिळालेल्या त्या दोघी आदल्या दिवशी मेल्या होत्या, आणि बापूजींनी त्यांना झाडाच्या मुळाशी टाकले होते. मुंग्यांनी त्यांचे बरेचसे नेलेही होते. फडके मात्र आत होते. कुसुमावतीच्या अंगावरचे म्हणावे असे जगात आता तेवढेच उरले होते. पातळ तिच्यासोबत गेले होते, आणि बाकीची लुगडी रिवाजाप्रमाणे वाटली गेली होती. मडक्यांकडे न जाता ईश्वरदास झाडाशी गेला आणि त्याने टोपलीत तोंड घातले. पाखरांच्या पंखांवरून झडलेल्या भुकटीखाली, अगदी खाली, माक्याच्या तेलाचा वास होता. तो रात्रभर त्या झाडाखालीच बसून राहिला.

पहाटे नर आले. एक आला, मग तीन, मग मोजणे सुटले. ते त्या रिकाम्या फडक्यावर आदळत होते, त्याच्या घड्यांत शिरत होते, बाहेर येऊन पुन्हा शिरत होते. ज्या जागी त्या दोघी बसल्या होत्या, तिथला सुताचा प्रत्येक धागा ते मिशांनी चाचपत होते. एकाचा पंख टोपलीच्या वेतात अडकून फाटला, तरी तो हलेना.

बापूजी मागे येऊन उभे राहिले होते.

"वास ऱ्हायते फडक्यात," ते म्हणाले. "दोन-चार दिवस असेच येतीन. पलीकडं नाल्याच्या काठी रानातल्या माद्या निघून रायल्या, पन याइले हाच वास जवळचा. याइले तोंड नाही, बाबू. चार दिवस इथं झडप घालतीन अन् मरतीन."

"मंग?"

बापूजी झोपडीकडे वळले.

ईश्वरदासाला उत्तर ठाऊक होते. कोष्ट्याच्या घरात कापडाचा वास कसा घालवतात हे सांगायला कुणी लागत नाही. फडके झोपडीत न्यावे, पेटीत ठेवावे, असेही त्याच्या मनात येऊन गेले. पण पेटीच्या फटीतूनही तो वास जाईल आणि हे जीव त्या पेटीवर येऊन मरतील, हे त्याला दिसत होते. तांबडे फुटू लागले. फाटक्या पंखाचा नर अजून घडीत शिरू पाहत होता. ईश्वरदासाने त्याला दोन बोटांत धरून हळूच ऐनाच्या पानावर ठेवले. नर लगेच परत आला.

मग त्याने फडके उचलले, एकदा तोंडाशी नेले, आणि तो विहिरीवर गेला.

शिकेकाई नव्हती, रिठा नव्हता. त्याने चुलीतली राख घेतली. तीच राख, जिच्या पाण्यात कोष शिजतात. पहिल्या पाण्यात भुकटी गेली आणि पाणी तपकिरी झाले. दुसऱ्या पाण्यावर तेलाचा बारीकसा तवंग आला. तो तवंग फुटेपर्यंत तो हात न हलवता बसून राहिला. मग तिसरे पाणी ओढले.

फडके त्याने बांधावरच्या अर्जुनाला वाळत घातले. तीन-चार नर आले, ओल्या कापडाभोवती एकदोनदा फिरले, वाऱ्यात मिशा पसरून घुटमळले आणि मग एकामागून एक नाल्याच्या बाजूला निघून गेले. शेवटचा गेल्यावरही ईश्वरदास तिथेच उभा राहिला. उन्हात कापड वाळत आले. त्याने ते हातात घेऊन नाकाशी नेले, आणि बराच वेळ तसेच धरून ठेवले.